यंत्र वाढवण्याची रीत : युनिक्स, रोजकीर्द आणि खानदेशातले भारनियमन

१/ मराठी दुकानदार संध्याकाळी दुकान ‘बंद’ करत नाही, तो दुकान ‘वाढवतो’. या शब्दामागे अशुभ टाळण्याची भावना आहे, तशीच एक शिस्तही आहे. गल्ला मोजायचा, रोजकीर्दीचा मेळ घालायचा, माल जागेवर लावायचा आणि मगच कुलूप. उद्या पुन्हा उघडायचे आहे, म्हणून आज नीट मिटवायचे. संगणकाच्या इतिहासात हीच शिस्त युनिक्स नावाच्या प्रणालीने घालून दिली. तिचा हा इतिहास, न्यू जर्सीतील प्रयोगशाळेपासून जळगाव-धुळ्याच्या अंधारापर्यंत. #धागा

२/ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि ती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येण्याजोगी झाली. एका संगणकावर अनेक माणसांनी एकाच वेळी, वेगवेगळ्या टर्मिनलांवरून काम करावे, ही तिची मूळ कल्पना. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या ‘अनेक माणसांनी’ या दोन शब्दांत आहे. यंत्र एकट्याचे असते, तर ते थांबवणे हा प्रश्नच झाला नसता.

३/ त्या काळी चुंबकीय तबकडी म्हणजे डिस्क फार संथ होती. प्रत्येक अक्षर लिहिताना तबकडी फिरून योग्य जागी येण्याची वाट पाहायची, तर सगळे काम खोळंबले असते. म्हणून युनिक्सने एक युक्ती योजली. वापरणाऱ्याने लिहिलेले आधी स्मृतीत ठेवायचे आणि सवडीने तबकडीवर उतरवायचे. मुनीम दिवसभराच्या उलाढाली मनात धरून ठेवतो आणि उसंत मिळाली की वहीत लिहितो, तसाच हा प्रकार. वेग वाढला. पण मुनीम मध्येच कोसळला, तर?

४/ स्मृती विजेवर जगते. वीज गेली की तिच्यातले सारे त्याच क्षणी नाहीसे होते. तबकडीवर उतरलेले मात्र राहते. त्यामुळे अचानक वीज गेली, तर तबकडीवर अर्धवट सत्य उरते. एखाद्या फाइलची नोंद झालेली असते, पण तिचा मजकूर उतरलेला नसतो. किंवा एकच जागा दोन फाइलींच्या नावे लागलेली असते. खतावणीत एकाच पानावर दोन खातेदारांची नावे निघावीत, अशी ही अवस्था. पूर्ण नाश झाला तर तो निदान लगेच कळतो. अर्धवट नोंद खरी म्हणून वावरत राहते, हा तिचा खरा धोका.

५/ यावर पहिला उपाय आला तो ‘सिंक’ ही आज्ञा. १९७३च्या सुमारास ती युनिक्सच्या पुस्तिकांत दिसू लागते. तिचा अर्थ सरळ होता : स्मृतीत साठलेले सारे आता तबकडीवर उतरव. जोडीला ‘अपडेट’ नावाचा एक छोटा कार्यक्रम पार्श्वभूमीवर चालू ठेवत. तो दर ३० सेकंदांनी सिंक करी. म्हणजे वीज गेलीच, तरी साधारण शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे काम धोक्यात येई. आजच्या मानाने हा अवधी मोठा वाटेल. पण बँकेच्या खिडकीपाशी अर्ध्या मिनिटात काय काय घडते, याचा विचार केला की तो आणखी मोठा वाटू लागतो.

६/ येथे युनिक्सच्या इतिहासातील एक गमतीदार रूढी जन्मली. यंत्र थांबवण्यापूर्वी जाणकार लोक सिंक तीनदा टंकित करत. कारण असे, की जुनी सिंक आज्ञा ‘लिहायला घेतले’ एवढेच सांगून परत येई, लिहून संपण्याची वाट पाहत नसे. दुसरी आणि तिसरी आज्ञा हाताने टंकित करण्यात जे काही क्षण जात, तेवढ्यात तबकडी आपले काम उरकून घेई. त्या पुनरुक्तीचा उपयोग वाट पाहण्यापुरता होता.

७/ पुढे काय झाले? नव्या पिढीने तिन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहायला सुरुवात केली. म्हणजे तीन सिंक क्षणार्धात सुटत आणि ज्या विलंबासाठी ही रीत होती, तो विलंबच नाहीसा झाला. कृती टिकली, कारण विसरले गेले. कर्मकांड कसे घडते, याचे इतके नेमके उदाहरण समाजशास्त्राच्या पुस्तकातही सहसा सापडणार नाही. आजच्या लिनक्समधील सिंक काम पूर्ण होईपर्यंत थांबते, त्यामुळे एकदा पुरते. तरीही तीनदा लिहिणारे जुने हात अजून आहेत.

८/ सिंकने लिहिण्याचा प्रश्न सुटला, पण माणसांचा सुटला नाही. एका यंत्रावर वीस जण काम करत असताना ते थांबवायचे कसे? यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत विकसित झालेल्या युनिक्सच्या १९८० सालच्या आवृत्तीत ‘शटडाऊन’ ही आज्ञा आली. ती विजेचे बटण दाबत नाही. ती एक विधी पार पाडते आणि त्या विधीतील पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो.

९/ पहिली पायरी, दवंडी. ‘दहा मिनिटांनी यंत्र थांबेल, काम जतन करा’ असा संदेश प्रत्येक टर्मिनलवर उमटतो आणि वेळ जवळ येईल तसा पुन्हा पुन्हा उमटत राहतो. दुसरी पायरी, अर्धे शटर. शेवटच्या पाच मिनिटांत नव्या माणसाला आत येऊ दिले जात नाही, आत असलेले मात्र काम आवरू शकतात. सराफ बाजारातील कोणत्याही पेढीवर संध्याकाळी हेच घडते. शटर अर्धे खाली येते, आतल्या गिऱ्हाइकाचे वजन-माप होऊ दिले जाते, बाहेरच्याला ‘उद्या या’ म्हणून सांगितले जाते.

१०/ तिसरी पायरी, विनंती आणि सक्ती. चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला प्रथम १५ क्रमांकाचा इशारा जातो. त्याचा अर्थ : आवरते घे. हा इशारा कार्यक्रमाला ऐकता येतो. तो आपल्या फाइली मिटतो, नोंदी पुऱ्या करतो आणि स्वतःहून थांबतो. काही सेकंद वाट पाहिली जाते. जो तरीही थांबत नाही, त्याला ९ क्रमांकाचा इशारा जातो. तो ऐकण्याची किंवा नाकारण्याची सोय नाही. कार्यक्रम तिथेच संपतो. आधी १५, मग ९, हा क्रम उलटा केला की सुरक्षितपणे थांबवण्याला अर्थच उरत नाही.

११/ चौथी पायरी, सिंक. स्मृतीतले सारे तबकडीवर उतरते. पाचवी, तबकड्या एकेक करून प्रणालीपासून अलग करणे. जी अलग करता येत नाही, ती मुख्य तबकडी केवळ वाचनापुरती उरते, म्हणजे तिच्यावर आता कोणीही काही लिहू शकत नाही. आणि सहावी पायरी सर्वांत छोटी, पण इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची वाटेल अशी : तबकडीवर एक खूण केली जाते, ‘येथवरचे सर्व नीट पुरे झाले’.

१२/ ही खूण मराठ्यांच्या पत्रव्यवहारातील मोर्तबाची आठवण करून देते. शिवकालीन आणि पेशवेकालीन राजपत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की अखेरीस मोर्तबाची लहान मुद्रा उमटे. मजकुराची सीमा येथे झाली, असा तिचा आशय. मोर्तबाच्या खाली कोणी चार ओळी वाढवल्या, तर त्या बनावट ठरत. मोर्तबच नसेल, तर पत्र अपुरे किंवा संशयास्पद. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही बोलण्यात आहे, तो या दोन टोकांच्या मुद्रांमुळेच.

१३/ युनिक्सची खूणही हेच सांगते. यंत्र सुरू होताना ती पुसली जाते. नीट थांबवले, तर पुन्हा उमटते. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले आणि खूण सापडली नाही, तर प्रणालीला कळते, की मागच्या वेळी कोणी विधी पुरा केला नव्हता. मग ती कोणत्याही नोंदीवर विश्वास ठेवत नाही. सगळे दप्तर पुन्हा तपासायला घेते.

१४/ हे तपासण्याचे काम करणारा कार्यक्रम म्हणजे ‘एफएसचेक’. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांनी तो लिहिला. तो तबकडीवरील प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहतो. कोणत्या फाइलीकडे कोणती जागा, कोणती जागा मोकळी, कोणते नाव कशाकडे बोट दाखवते? विसंगती दिसली, की तो माणसाला विचारतो : हे काढून टाकू? हे दुरुस्त करू? यंत्रासमोर बसलेल्याला हो किंवा नाही एवढेच सांगायचे असे. पण ते उत्तर चुकले, तर कोणाचे तरी काम कायमचे जाई.

१५/ या तपासणीत काही फाइली अशा सापडत, की त्यांचा मजकूर शाबूत, पण नाव हरवलेले. त्यांना प्रणाली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवते. नावाऐवजी नुसता क्रमांक. हे वाचताना धुळ्याची आठवण येणे साहजिक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले आणि त्यांनी जमवलेली साधने जपण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. माथा फाटलेले, तारीख गेलेले, सुटे पडलेले कागद कोणाचे आणि कोणत्या दप्तरातले, हे ठरवण्यात इतिहाससंशोधकाचे आयुष्य जाते. नाव हरवलेल्या नोंदीची किंमत त्याला ठाऊक असते.

१६/ आता युनिक्स भारतात कशी आली, ते पाहू. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला. रोजगार जाईल, ही कर्मचाऱ्यांची भीती त्यामागे होती, म्हणून ‘मर्यादित’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. शाखांमध्ये खतावणीच्या नोंदी करणारी यंत्रे बसवावीत, असा त्याचा एक गाभा होता. १९८९ मध्ये याच विषयावरील दुसऱ्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि संगणकीकरणाला वेग आला.

१७/ त्या यंत्रांचे इंग्रजी नावच ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ असे होते, म्हणजे सुधारित खतावणी यंत्र. शतकानुशतके मुनिमाच्या हाती असलेली खतावणी प्रथमच यंत्राच्या हाती जात होती. अनेक टर्मिनलांवरून एकाच वेळी काम करता यावे, म्हणून भारतीय बँकांच्या संगणकीकरणात युनिक्सला मोठे स्थान मिळाले. पुढे एससीओ कंपनीची युनिक्स देशभरातील बँक व विमा कार्यालयांत ओळखीची झाली. काळा पडदा, हिरवी किंवा पांढरी अक्षरे आणि कोपऱ्यात वातानुकूलित काचेच्या खोलीत ठेवलेला सर्व्हर, हे त्या काळाचे चित्र.

१८/ दिवसाचे व्यवहार संपले, मेळ लागला, प्रती काढून झाल्या, की सर्व्हर थांबवायचा. अधिकार फक्त ‘रूट’ म्हणजे मुख्य वापरकर्त्याला. आज्ञेत ‘जी’ हे अक्षर लावून सवलतीचा अवधी सांगता येई. पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत आणि शेवटी एससीओचा तो प्रसिद्ध संदेश येई : ‘सेफ टू पॉवर ऑफ’, आता वीज तोडण्यास हरकत नाही. तो दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा नियम. १९९५ नंतर नव्या रचनेच्या विद्युतपुरवठ्यामुळे संगणक स्वतःच स्वतःची वीज तोडू लागले. त्याआधी शेवटचे बटण माणसाच्याच हाती होते.

१९/ आता खानदेश. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. केळी, कापूस आणि सोने यांवर चालणारा हा मुलूख. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र, २१० मेगावॅटचे संच तेथे १९७९ आणि १९८२ मध्ये सुरू झाले. म्हणजे राज्याला वीज पुरवणारे धुराडे याच जिल्ह्यात. आणि २००५ नंतरच्या काळात राज्यात चार-पाच हजार मेगावॅटच्या आसपास तुटवडा पडू लागला, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राबरोबर खानदेशातली गावेही तासन्‌तास अंधारात बसली.

२०/ भारनियमन ही मुळात एक शिस्त आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भारतातील विजेच्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली, की ती घसरते. फार घसरली, तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक सुटत जातात आणि सगळे जाळेच कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात तेच घडले. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी बसली आणि ६० कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारात गेला. पश्चिमेचे जाळे वेळीच अलग झाल्यामुळे उभे राहिले. सर्वांना वाचवण्यासाठी थोड्यांचा पुरवठा ठरवून तोडणे, हेच भारनियमन.

२१/ म्हणजे वीज कंपनीच्या दृष्टीने भारनियमन हे व्यवस्थित थांबवणे आहे. पण त्याच फीडरवरील बँकेच्या, तहसील कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या सर्व्हरच्या दृष्टीने ते अचानक झालेले मरण आहे. एकाची शिस्त दुसऱ्याचा अपघात कशी ठरते? दोघांमध्ये फरक एकच असतो, पूर्वसूचनेचा. म्हणूनच त्या वर्षांत वर्तमानपत्रांत छापून येणारे भारनियमनाचे वेळापत्रक इतके महत्त्वाचे होते. युनिक्सची शटडाऊन आज्ञा पडद्यावर जी दवंडी पिटते, तीच दवंडी वेळापत्रक गावभर पिटत असे. वेळापत्रक पाळले गेले, तर काम आवरता येई. अवेळी वीज गेली, की मागे अर्धवट नोंदी उरत.

२२/ दीपनगरच्या यंत्रांनाही ही शिस्त चुकलेली नाही. अशा संचातील वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची आणि जनित्राला फिरवणारे चक्र मिनिटाला ३,००० फेऱ्या घेणारे. संच अचानक थांबला आणि तापलेला अवजड दांडा एका जागी स्थिर राहिला, तर तो स्वतःच्या वजनाने आणि असमान निवण्याने वाकतो. म्हणून संच बंद झाल्यावरही तो दांडा कित्येक तास मंद गतीने फिरवत ठेवतात. त्याच्या आधारांना तेल मिळावे, म्हणून बॅटरीवर चालणारा आपत्कालीन पंप सज्ज असतो. विजेच्या कारखान्यालाही सुखरूप थांबण्यासाठी साठवलेली वीज लागते.

२३/ संगणकासाठी हीच बॅटरी म्हणजे यूपीएस. पुष्कळांचा समज असा, की यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी असतो. त्याचे मूळ काम वेगळे आहे : नीट थांबण्यापुरता वेळ मिळवून देणे. युनिक्सच्या सिस्टिम व्ही या परंपरेत ‘वीज जात आहे’ असे सांगणारा स्वतंत्र इशाराच होता. यूपीएसची तार संगणकाला जोडली, की हा इशारा मुख्य कार्यक्रमापर्यंत पोहोचे. जुन्या रेड हॅट लिनक्समध्ये तर आज्ञा तयारच लिहिलेली असे : वीज गेली, की दोन मिनिटांनी यंत्र थांबव. त्या दोन मिनिटांत वीज परत आली, तर आज्ञा रद्द.

२४/ तरीही बॅटऱ्या जुन्या होतात, तारा जोडायच्या राहतात. मग नोंद वाचवायची कशी? याचे उत्तर आपल्या जुन्या पेढ्यांत शतकांपासून होते. व्यवहार झाला, की तो आधी रोजकीर्दीत क्रमाने लिहायचा. खातेवार खतावणी मागाहून, कीर्दीवरून. खतावणी करताना दिवा विझला, तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी कीर्द समोर ठेवून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. सगळ्या वह्या चाळत बसण्याची गरज नाही, कीर्दीची शेवटची पाने पुरतात.

२५/ संगणकशास्त्राने हे तत्त्व स्वतंत्रपणे शोधले. १९७०च्या दशकात माहितीसंचांसाठी ते वापरात आले. १९९० मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये फाइलींच्या व्यवस्थेलाच अशी कीर्द मिळाली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये तशी रचना मांडली आणि २००१ मध्ये ती ‘ईएक्सटी३’ या नावाने मुख्य लिनक्समध्ये आली. तिचे इंग्रजी नावही ‘जर्नल’, म्हणजे शब्दशः रोजकीर्द. येथेही मोर्तब आहेच. नोंदीच्या अखेरीस पूर्णतेची खूण असेल, तरच ती नोंद खतावणीत उतरते. खूण नसेल, तर ती नोंद झालीच नाही, असे धरले जाते.

२६/ यामुळे वीज गेल्यानंतरची तासाभराची तपासणी काही सेकंदांवर आली. पण एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. बहुधा ही कीर्द दप्तराची रचना राखते, तुमचा अगदी ताजा मजकूर राखेलच असे नाही. २००९ मध्ये ‘ईएक्सटी४’ वापरणाऱ्या काहींना याचा अनुभव आला. यंत्र अचानक बंद पडल्यावर नुकत्याच लिहिलेल्या फाइली नावाने शाबूत, पण आतून रिकाम्या सापडल्या. दप्तर सुसंगत होते, पण पाने कोरी. म्हणून कीर्द आली, तरी नीट थांबवण्याची रीत मोडीत निघाली नाही.

२७/ या सगळ्यात पणाला काय लागलेले असते? बँकेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी यंत्र बंद पडले, तर त्या मधल्या क्षणी ते पैसे कोणाचेच नसतात. केळीचे पैसे जमा झाले का, हे पाहायला आलेल्या शेतकऱ्याला सिंक ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते. त्याला पासबुकावरचा आकडा खरा हवा असतो. तो खरा राहावा, म्हणून कोणीतरी संध्याकाळी शेवटचा संदेश येईपर्यंत पडद्यासमोर थांबलेले असते. बँकेवरील विश्वास अशा न दिसणाऱ्या थांबण्यांवरही उभा आहे.

२८/ आज अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे. तो बंद करताना पडद्यावर काही सेकंद वर्तुळ फिरते. त्या सेकंदांत तोच जुना विधी पार पडत असतो : दवंडी, विनंती, सक्ती, सिंक, मोर्तब. बॅटरी संपत आली, की फोन स्वतःहून बंद होतो, तोही थोडी वीज शिल्लक ठेवून, कारण शेवटच्या नोंदीसाठी ती लागते. सुरू करणे एका बटणाचे काम आहे. थांबवण्याला क्रम लागतो, सूचना लागते आणि शेवटची खूण उमटेपर्यंत धीर लागतो. दुकान ‘वाढवणाऱ्या’ माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.